गर्भनिरोधक गोळी नेमकी कशाने निकामी होते?

दाढदुखीवर अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सुरू केलं की ‘माला-डी’चा भरवसा धरू नका, असं मैत्रिणी, जावा आणि काही केमिस्टही वर्षानुवर्षं सांगत आलेत. तर्क अगदीच हवेतला नाही. गोळीतलं इस्ट्रोजेन यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्यातलं काही मोकळं करतात आणि ते पुन्हा रक्तात जातं. जिवाणूच मेले तर हा फेरा तुटेल, असं वाटणारच. पण गोळीचं काम या फेऱ्यावर फारसं अवलंबून नसतं. नेहमीच्या अँटिबायोटिकसोबत गोळी चालू ठेवायला जागतिक आरोग्य संघटनेचीही हरकत नाही. उलट्या किंवा जोराचे जुलाब झाले तर मात्र गोष्ट वेगळी.

समजाचं मूळ रिफॅम्पिसिनमध्ये आहे. क्षयरोगाचं हे औषध घेणाऱ्या बायकांना गोळी चालू असतानाही दिवस गेल्याचं १९७०च्या दशकात दिसून आलं. दोष जिवाणूंचा नव्हताच. रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम वाढवतं आणि गोळीतली हार्मोन झटपट मोडली जातात. औषध थांबल्यावरही हा परिणाम सुमारे ४ आठवडे टिकतो. अशा वेळी तांबी बरी.

आणि ‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय’ म्हणत उदासीवर ऑनलाइन मागवलं जाणारं सेंट जॉन्स वॉर्ट? ते अमॉक्सिसिलिनसारखं निरुपद्रवी नाही, रिफॅम्पिसिनच्याच वाटेने जातं. डॉक्टरांनी ‘कुठली औषधं चालू आहेत?’ विचारलं की नेमकी हीच बाटली सांगायची राहते.