वळ आणि वळण

‘खायला काळ नि भुईला भार.’ पाटण तालुक्यात वाढलेल्या आमच्या पिढीला ही म्हण शाळेत शिकावी लागली नाही. ती घरीच, जेवायला बसल्यावर कानावर पडायची. बऱ्याच घरांतले बाप मुंबईला माथाडी. यायचे दिवाळीला नि जत्रेला, आणि वर्षभराचं वळण चार दिवसांत लावून जायचे. पहिल्या रात्री प्रगतिपुस्तक, मग कमरेचा पट्टा. पोटऱ्यांवरचे वळ आठवड्यात जायचे. ‘तुझ्यापरीस म्हस बरी, दूध तरी देती’ हे मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत पुरायचं.

याला छळ म्हणतात हे कुणाच्या गावी नव्हतं. बाहेरही ही जाण फार जुनी नाही. अमेरिकेत १९६२ साली डॉ. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांना बजावलं, की एक्स-रेत दिसणारी लेकरांची जुनी-नवी मोडलेली हाडं पडल्या-झडल्याची नसून घरच्या माराची असू शकतात. शब्दांचा मार एक्स-रेत येत नाही. तो मागे राहिला.

तो आत काय करतो, याचं मला पटलेलं उत्तर त्याहून जुनं आहे. स्कॉटिश मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं, की अन्न, आसरा, माया सगळं ज्यांच्या हाती, तेच वाईट आहेत असं मानणं लेकराला परवडत नाही. मग ते वाईटपणा स्वतःच्या अंगावर घेतं. आई-बाप बरोबर, म्हणजे मीच नालायक.

१९६५ मध्ये छापलेल्या पाहणीत समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या पाच हजारांवर विद्यार्थ्यांचा आत्मसन्मान दहा विधानांनी मोजला. त्यांनी प्रगतिपुस्तकाबद्दलही विचारलं होतं! गुण कमी पडल्यावर रागावणाऱ्यांपेक्षा ज्यांना त्याचं काहीच नव्हतं, अशा पालकांच्या मुलांचा आत्मसन्मान आणखी खाली दिसला. पट्ट्याचं समर्थन त्यात शोधू नये. पण बापानं निदान पुस्तक उघडलं, हे आमच्यातले काहीजण आजही का सांगतात, ते त्यावरून कळतं.

आपल्याकडे केंद्र सरकारची मोठी पाहणी २००७ साली आली : महाराष्ट्रासह १३ राज्यं, १२,४४७ मुलं. निम्म्या मुलांनी मानसिक छळ सांगितला, आणि त्यातल्या ८३ टक्क्यांच्या बाबतीत तो करणारे आई-वडीलच होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतला मार आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केले. घरासाठी बाल न्याय कायद्याचं २०१५ चं कलम ७५ आहे, पण ‘भुईला भार’ म्हटलं म्हणून ते लावायला कोण जाणार? स्वीडननं तर १९७९ मध्येच आई-बापांनाही मारायला मनाई केली.

परवा साताऱ्यात एका ओळखीच्या घरी चहाला गेलो होतो. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘मी हायच बिनकामाची,’ आणि फडकं आणायला पळाली. आई कौतुकानं हसली, ‘बघा, तिचं तिलाच कळतंय.’