म्हणे, डोंगरावर नेलं की अभ्यास बुडतो!

"पोरांना उन्हात पाणी अडवायचे चर खणायला नेणं हे शहरी फॅड, अभ्यास बुडतो नुसता." साताऱ्यात हे कायम ऐकतो. फॅड कसलं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात 'रयत शिक्षण संस्था' सुरू केली. 'कमवा आणि शिका', म्हणजे अंगमेहनत करत शिकणं, हेही त्यांचंच.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर एकदा ए-फ्रेम, म्हणजे उतारावर एका पातळीतल्या जागा शोधायचं साधन, हातात धरा. इंग्रजी A सारख्या बांधलेल्या तीन काठ्या, मधोमध ओळंबा, म्हणजे दोरीला लोंबणारं वजन. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं चुन्याची फक्की टाकायची, पुढे सरकायचं. चराची रेघ वाकडीतिकडी दिसते, पण पाणी तिथंच थांबतं. वहीत न कळलेला समद्विभुज त्रिकोण माझ्या भाचीला माण तालुक्यातल्या उतारावर कळला. आता मलाच दटावते, "मामा, थांब की जरा, दोरी हलतीय अजून."