ग्रामीण टेलिफोन कंपन्यांचे अनुदान सरकारी तिजोरीतून येते का?

अमेरिकेतील लहान ग्रामीण टेलिफोन कंपन्या करदात्यांच्या पैशावर पोसल्या जातात, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. १९४९ पासून अशा कंपन्यांना आणि सहकारी संस्थांना केंद्र सरकारकडून मिळू लागले ते कर्ज होते, म्हणजे फेडायचे. आजचे अनुदान १९९६ च्या दूरसंचार कायद्याने आखून दिलेल्या सार्वत्रिक सेवा निधीतून मिळते, आणि त्यात प्राप्तिकराचा पैसा नसतो. दूरसंचार कंपन्या आपल्या आंतरराज्य व आंतरराष्ट्रीय सेवांच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा या निधीत भरतात (२०२४ मध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर होते) आणि बहुतेक कंपन्या तो ग्राहकाकडूनच वसूल करतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही फोनच्या बिलात 'युनिव्हर्सल सर्व्हिस' नावाची ओळ दिसते, ती हीच. तेव्हा खिसा आपलाच, वाट मात्र वेगळी. म्हणूनच हा छुपा कर आहे, ही तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही, जरी जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही व्यवस्था वैध ठरवली असली तरी.

हवे तेवढे अनुदान मिळते, हा दुसरा गैरसमज. एका शेतघरासाठी कित्येक मैल तार ओढावी लागते, हे मान्य करूनही २०११ च्या सुधारणांनी प्रत्येक जोडणीमागे दरमहा २५० डॉलरची कमाल मर्यादा घातली.

भारतातील अशा निधीचेही मूळ कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतच आहे.