फाटक तेच, पाटी वेगळी

ब्रिटनमधले निवृत्त लॉरीचालक जुन्या गोष्टी काढतात तेव्हा कंपनीचं नाव बरंच उशिरा येतं. आधी येतो डेपो. तो कुठल्या गल्लीत होता, आठ चाकी गाडी फाटकातून आत घ्यायला किती वेळा मागेपुढे करावं लागायचं, ट्रॅफिक ऑफिसच्या खिडकीत कोण बसायचं. ऐकणाऱ्याची पंचाईत पुढे होते. एकाच डेपोबद्दल एक म्हातारा सांगतो की तो एका कुटुंबाच्या मालकीचा होता, दुसरा सांगतो सरकारचा, आणि तिसरा म्हणतो, ‘आमचाच होता की, शेअर होते आमचे.’ तिघांचंही खरं असू शकतं. एका माणसाच्या नोकरीच्या काळात या धंद्याची मालकी इतक्या वेळा पालटली, की त्या आठवणी समजून घ्यायला थोडे कायदे माहीत असावे लागतात. एरवी कायदे हा कंटाळवाणा विषय. इथे मात्र चालकाने रात्री कुठे झोपायचं इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

सुरुवात पहिल्या महायुद्धानंतरची. लष्कराने जास्तीच्या हजारो लॉऱ्या विकायला काढल्या, आणि सैन्यातून सुटलेल्या जवानांच्या हातात थोडे पैसेही होते आणि गाडी चालवण्याची विद्याही. एक गाडी, एक चालक आणि मिळेल त्या भावात भाडं, असा धंदा गावोगाव उभा राहिला. रेल्वेची यात कोंडी झाली. आलेला माल नाकारायचा नाही, दर जाहीर ठेवायचे, अशी जुनी बंधनं तिच्यावर होती. लॉरीवाला मात्र बाजार बघून दर पाडू शकत होता. १९३२ मध्ये सर आर्थर सॉल्टर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे आणि रस्तेवाल्यांची परिषद झाली आणि १९३३ च्या कायद्याने परवाने आले. ‘ए’ म्हणजे भाड्याने दुसऱ्यांचा माल वाहणारा ‘पब्लिक कॅरिअर’, ‘सी’ म्हणजे फक्त स्वतःचाच माल वाहणारा ‘प्रायव्हेट कॅरिअर’, आणि ‘बी’ या दोघांच्या मधला.

मराठी वाचकाला इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. आपल्याकडच्या मालट्रकच्या कपाळावर वर्षानुवर्षं ‘पब्लिक कॅरिअर’ लिहिलेलं असायचं. लहानपणी मुंबई-आग्रा रस्त्यावर ते वाचताना मला वाटायचं, ही गाडी ‘पब्लिक’ला नेते, मग मागे पोती का? तो शब्द याच घराण्यातला. भारतातही तेव्हा रेल्वेला मोटारीच्या स्पर्धेची धास्ती होती. त्यावर १९३३ मध्ये मिचेल-किर्कनेस अहवाल आला, १९३७ मध्ये वेजवुड समितीचा अहवाल आला, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात पब्लिक आणि प्रायव्हेट कॅरिअरचे परमिट अवतरले.

ब्रिटनमध्ये ‘ए’ परवाना मिळवणं सोपं नव्हतं. नव्या अर्जाला रेल्वे हरकत घेऊ शकत होती आणि बहुतेक वेळा घ्यायचीही. त्यामुळे ज्याच्याकडे परवाना होता त्याच्याकडे इस्टेटच होती. छोट्या कंपन्या टिकल्या, बाप-मुलगा-नातू अशा चालल्या, आणि त्यांचे डेपोही तसेच राहिले. कित्येक डेपो घोडागाड्यांच्या काळातले होते. तबेल्याचं वर्कशॉप झालं, गवताच्या माळ्यावर ऑफिस आलं. फाटक मात्र घोडा आणि गाडा एवढ्याच मापाचं. गाडी आत घेताना घासलेल्या आरशांच्या गोष्टी इतक्या का ऐकू येतात, ते यावरून कळावं.

आता रात्रीकडे येऊ, कारण या आठवणींचा गाभा तिथेच आहे.

जड लॉरीला ताशी २० मैलांची मर्यादा होती. ती अशी जाचक, की १९३० च्या दशकात कारखानदार रिकाम्या गाडीचं वजन अडीच टनांच्या आत बसवायला धडपडायचे, कारण तेवढ्याला ३० मैलांची मुभा होती. शिवाय १९३० च्या कायद्याने चालकाला दिवसाला ११ तासांपेक्षा जास्त आणि सलग साडेपाच तासांपेक्षा जास्त चालवायला बंदी. हे आकडे नकाशावर मांडून बघा. लंडन ते मँचेस्टर साधारण ३०० किलोमीटर. ताशी २० मैल म्हणजे ३२ किलोमीटर धरले, तर एका बाजूलाच साडेनऊ तास जातात. त्याच दमात परत येणं कायद्याने अशक्य. मग दोनच वाटा उरतात. एक, तिकडेच मुक्काम करायचा. दुसरी, दोन्ही टोकांकडून दोन चालकांनी निघायचं, मध्यरात्री अर्ध्या वाटेवर भेटायचं, गाड्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या घरी परतायचं.

या दुसऱ्या पद्धतीला ‘चेंजओव्हर’ म्हणत. ए५ हा मूळ रोमन रस्ता. त्यावर मिडलँड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, आसपास एखाद्या ट्रान्सपोर्ट कॅफेच्या अंगणात दोन गाड्या शेजारी लागायच्या, चहा व्हायचा, कागदपत्रं हातोहात जायची, आणि लंडनवाला मँचेस्टरहून आलेली गाडी घेऊन लंडनला वळायचा. दोन माणसं वर्षानुवर्षं रोज रात्री वीस-पंचवीस मिनिटं भेटायची आणि एकमेकांचं घर त्यांनी कधी पाहिलेलं नसायचं. समोरचा सीट कसा लावतो, गिअर कसा ओरबाडतो, हे मात्र पाठ.

लांबच्या रात्रपाळीवाल्याला ‘ट्रंकर’ म्हणत, आणि डेपोत दिवसा गावभर फिरून माल गोळा करणाऱ्याला, वाटणाऱ्याला ‘शंटर’. डेपो अशा दोन पाळ्यांत जगायचा. संध्याकाळी शंटर भरलेली गाडी उभी करून जायचा. ट्रंकर यायचा, दिवे बघायचा, दोर चाचपायचा आणि निघायचा. गाडी मागे जोड-ट्रेलर ओढत असेल तर बरोबर दुसरा माणूस ठेवणं कायद्यानेच बंधनकारक होतं. आपला क्लीनर जसा फडकं मारता मारता स्टिअरिंगवर येतो, तसे तिकडचे बरेच चालक या ट्रेलर-मेटच्या जागेवरून वर आले.

दोर चाचपणं हे लिहायला सोपं आहे. त्या काळच्या गाड्या बहुतेक सपाट, उघड्या पाठीच्या. माल हातानेच चढवायचा: पोती, पिंपं, कागदाचे रीळ, लोखंडी सळ्या. मग वर जड कॅनव्हासची ताडपत्री ओढायची आणि दोर आवळायचे. गाठ ठरलेली, ‘डॉली’. मालावरून फेकलेल्या दोराला मध्येच दोन वेढे घालून एक फास उभा करायचा, दोराचं मोकळं टोक खाली गाडीच्या आकड्यातून घेऊन त्या फासातून वळवायचं आणि सगळं वजन टाकून खाली खेचायचं. फास कप्पीसारखं काम करतो, आणि माणसाच्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट ताण दोरात बसतो. गंमत म्हणजे उतरवताना तीच गाठ एका झटक्यात सुटते. हे झालं कोरड्या हवेत. पावसात भिजून रात्री गोठलेली ताडपत्री पत्र्यासारखी ताठ होते. ती उघड्या हातांनी घडी घालायची, कारण हातमोज्यांत दोर धरता येत नाही. कुणाच्या हाताला गाठी पडल्या, कुणी मालावरून घसरून खाली आला. या आठवणी हसत सांगितल्या जातात, पण त्या काळात ताडपत्री नीट बांधता न येणाऱ्याला डेपोत कुणी चालक म्हणत नसे.

मुक्कामी राहणाऱ्यांची वसतिस्थानं म्हणजे ‘डिग्ज’. कुणा बाईच्या घरी एकेका खोलीत चार-सहा खाटा, आणि रात्रपाळीवाला उठून गेला की तीच खाट दुसऱ्याला. मुक्कामाचा भत्ता ठरलेला असायचा. तो वाचवायचा तर सीटवर आडवी फळी टाकून केबिनमध्येच झोपायचं. याहून पुढची कला अशी, की कागदावर मुक्काम दाखवायचा आणि प्रत्यक्षात घरी जाऊन बायकोच्या हातचं जेवायचं. कामाच्या तासांची नोंदवही चालकाने स्वतःच भरायची असल्यामुळे हे सगळं जमून जायचं. मालकालाही ते माहीत असे. उलट बाजूनेही तेच: जास्त तास चालवून घ्यायचं असेल, तर वहीत ते कमी दाखवणारा चालक मालकाला हवाच असे.

या सगळ्यावर १ जानेवारी १९४८ ला राष्ट्रीयीकरण आलं. मजूर पक्षाच्या सरकारने १९४७ च्या कायद्याने रेल्वे, कालवे आणि लांब पल्ल्याची मालवाहतूक एकाच ब्रिटिश ट्रान्सपोर्ट कमिशनखाली आणली. ज्या कंपन्यांचा मुख्य धंदा लांब पल्ल्याचा, त्या सरकारने भरपाई देऊन घेतल्या; उरलेल्या खासगी वाहतूकदारांना परमिटशिवाय आपल्या तळापासून २५ मैलांच्या बाहेर जायला मनाई झाली. स्वतःचाच माल नेणाऱ्या ‘सी’वाल्यांवरही मूळ मसुद्यात अंतराचं बंधन होतं, ते कारखानदारांच्या विरोधापुढे गळालं. साहजिकच कारखान्यांनी स्वतःच्या गाड्या घ्यायला सुरुवात केली.

नवी संस्था म्हणजे ब्रिटिश रोड सर्व्हिसेस, सगळ्यांच्या तोंडी बीआरएस. पिकफर्ड्स आणि कार्टर पॅटरसन ही घोड्यांच्या काळापासूनची मोठी नावं रेल्वेच्या मालकीतून तिच्याकडे आली, आणि त्यांच्यासोबत शेकडो छोट्या कंपन्या. काही वर्षांतच सुमारे ४०,००० गाड्यांचा ताफा झाला. फॉडेन, एईसी, लेलँड, अ‍ॅटकिन्सन, ईआरएफ अशा भलत्याच मिश्र कुळातल्या गाड्या एकाच लाल रंगात निघू लागल्या. ब्रिस्टलचा कारखानाही सरकारी मालकीत आलेला असल्यामुळे त्याला बाहेर विक्री करता येत नव्हती. १९५२ पासून त्याने खास बीआरएससाठी लॉऱ्या बांधल्या. डेपोत मात्र माणसं तीच. त्यामुळे पाटी बदलून दहा वर्षं झाली तरी चालक डेपोला जुन्या मालकाच्याच नावाने हाक मारायचे. एकाच गावात जुन्या दोन प्रतिस्पर्ध्यांचे दोन डेपो आता एकाच सरकारचे झाले, तरी त्यांच्या कँटीनमधला आकस तसाच राहिला.

माझ्या मते बीआरएसची बदनामी जितकी झाली, तितकी ती वाईट नव्हती. एकसारखा पगार, चालती वर्कशॉप्स, परतीच्या भाड्याची हमी या गोष्टी छोट्या मालकाकडे क्वचित मिळायच्या. पण तिला स्थिरावायला वेळच मिळाला नाही. १९५१ मध्ये चर्चिल यांचा हुजूर पक्ष सत्तेवर परतला आणि १९५३ च्या कायद्याने विक्री सुरू झाली. गाड्या लहान-मोठ्या गठ्ठ्यांत लिलावाला निघाल्या, सोबत परवाना. काही जुन्या मालकांनी आपलेच डेपो परत घेतले, तर काही चालकांनी भांडवल जमवून गाड्या घेतल्या. छोटे गठ्ठे भराभर गेले. जागा आणि इमारतींसकट मोठे गठ्ठे कुणी घेईना, आणि ज्यांचा माल बीआरएसच्या रात्रीच्या जाळ्यावर अवलंबून होता ते कारखानदारही कुरकुरू लागले. १९५६ मध्ये सरकारने विक्री थांबवली आणि उरलेली बीआरएस सरकारकडेच राहिली.

चेंजओव्हरचा शेवट मात्र रस्त्यांनी केला. १९५७ मध्ये वेगमर्यादा ३० मैलांवर गेली. युनियनला ती नकोच होती, कारण वेग वाढला की त्याच पगारात जास्त अंतर पदरात पडणार. १९५८ च्या डिसेंबरमध्ये प्रेस्टनचा बायपास उघडला, पुढच्या नोव्हेंबरमध्ये एम१ हा मोटरवे. स्कॉटलंडकडे जाणाऱ्यांना तोवर ए६ वरची शॅपची चढण होती, सुमारे ४२५ मीटर उंचीवरची. हिवाळ्यात तिथे बर्फात गाड्यांची रांग अडकायची, रेडिएटर गोठू नये म्हणून पाणी काढून टाकावं लागायचं, आणि चढणीवरच्या जंगल कॅफेत शिरलेले चालक वाट मोकळी होईपर्यंत बाहेर पडायचे नाहीत. १९७० मध्ये एम६ त्या डोंगरावरून गेला आणि लॉऱ्यांची रांग जुन्या रस्त्यावरून एकदम हटली.

वाहतूकमंत्री राहिलेल्या बार्बरा कासल यांच्या १९६८ च्या कायद्याने ए-बी-सी परवाने गेले, चालवण्याची मर्यादा दहा तासांवर आली आणि जड गाडीसाठी चालकाला वेगळा परवाना लागू झाला. १९६९ पासून बीआरएस नॅशनल फ्रेट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळाखाली गेली. गाडीतच तासांची नोंद करणारा टॅकोग्राफही कासल यांना हवा होता. चालक त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणायचे. तो सक्तीचा व्हायला १९८१ अखेर उजाडली, आणि कागदावरचे मुक्काम तिथे संपले. तोवर झोपण्याची सोय असलेल्या केबिन आल्या होत्या, डिग्जवाल्या बायांचा धंदा बसला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजूला पडदे असलेल्या बॉडी निघाल्या आणि ताडपत्री-दोरांची गरज हळूहळू आटली.

फेब्रुवारी १९८२ मध्ये थॅचर सरकारने हे महामंडळ विकलं, तेही कर्मचाऱ्यांना. ते चालवणाऱ्या पीटर थॉम्पसन यांच्या पुढाकाराने हजारो चालक, मेकॅनिक, कारकून आणि पेन्शनरांनी शेअर घेतले. किंमत ५.३५ कोटी पौंड. त्यातली बहुतांश रक्कम पेन्शन फंडातली तूट भरायलाच गेली. ‘आमचाच होता की’ म्हणणारा तिसरा म्हातारा या काळातला. काहींनी कर्ज काढून शेअर घेतले, काहींनी ‘सरकारी भंगार आपल्या गळ्यात मारतात’ म्हणून नाकारले. १९८९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा पहिल्यांच्या पैशाचे कित्येक पट झाले होते. दुसरे अजून त्याबद्दल बोलतात.

त्या भरभराटीत डेपोच्या जमिनींचाही वाटा होता. घोड्यांच्या काळात गावाच्या कडेला असलेली ती आवारं आता शहराच्या मधोमध आली होती, आणि मालाचं काम मोटरवेच्या जंक्शनवरच्या गोदामांकडे निघालं होतं. २००० मध्ये कंपनी विलीनीकरणातून एक्सेल झाली, २००५ मध्ये ती जर्मनीच्या डॉइश पोस्टने घेऊन डीएचएलमध्ये मिसळली. जुन्या डेपोंच्या जागी बऱ्याच ठिकाणी आज फ्लॅट आहेत किंवा सुपरमार्केटची पार्किंग. चालक त्या रस्त्याने गेले की नातवंडांना दाखवतात, इथे वजनकाटा होता, तिथे डिझेलचा पंप.