४० वर्षं की २४: वचक कशाचा बसतो?

वॉशिंग्टन डी.सी.मध्ये शस्त्राचा धाक दाखवून कुणी गाडी पळवली, तर त्याला जास्तीत जास्त ४० वर्षांची कैद होऊ शकते. शहराच्या परिषदेने नव्या दंडसंहितेत हा आकडा २४ वर आणला होता. मुख्यतः या आकड्यावरून गदारोळ झाला आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सगळी संहिताच रद्द केली.

डी.सी. हे राज्य नाही. तिथे सुमारे ६ लाख ९० हजार लोक राहतात, म्हणजे वायोमिंग राज्यापेक्षा जास्त. तरी सिनेटमध्ये त्यांचा एकही सदस्य नाही, आणि प्रतिनिधीगृहातल्या त्यांच्या प्रतिनिधीला विधेयकावर अंतिम मत देता येत नाही. १९७३ च्या कायद्याने शहराला स्वतःची परिषद मिळाली, पण तिचे कायदे संसदेच्या नजरेखालून जावे लागतात. फौजदारी कायदा असेल तर त्यासाठी ६० दिवसांची मुदत असते.

रद्द झालेली संहिता घाईगर्दीत लिहिलेली नव्हती. मूळ कायदा १९०१ चा, तोही संसदेनेच केलेला. त्यात हल्ल्याला शिक्षा आहे, पण हल्ला म्हणजे नेमकं काय ते लिहिलेलं नाही. न्यायालयांच्या निकालांतून शोधावं लागतं. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाने एकेका गुन्ह्याची व्याख्या केली, गांभीर्यानुसार पायऱ्या पाडल्या आणि न्यायाधीश प्रत्यक्षात किती शिक्षा देतात ते पाहून कमाल मर्यादा त्याच्या जवळ आणल्या. प्रत्यक्षातल्या शिक्षा ४० वर्षांच्या आसपासही जात नव्हत्या. परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये संहिता एकमताने मंजूर केली. महापौर म्युरिएल बाउझर यांनी नकाराधिकार वापरला, तो परिषदेने १२ विरुद्ध १ मताने फिरवला. पुढे प्रतिनिधीगृहात २५० विरुद्ध १७३, सिनेटमध्ये ८१ विरुद्ध १४, आणि अध्यक्ष बायडन यांची सही. १९९१ नंतर संसदेने शहराचा कायदा असा मोडून काढल्याची ही पहिलीच वेळ.

मला यात खटकतं ते हे की ज्या प्रश्नाचं उत्तर मोजून पाहता येतं, तो घोषणांवर निकाली निघाला. शिक्षेची वर्षं वाढवली की गुन्हे कमी होतात का?

फ्लोरिडात हे फार सुंदर रीतीने तपासलं गेलं. तिथे १८ वर्षं पूर्ण झाली की आरोपी बाल न्यायव्यवस्थेतून प्रौढांच्या न्यायालयात जातो आणि शिक्षा एकदम कडक होते. वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यातला मुलगा आणि पुढच्या आठवड्यातला मुलगा एकच: तेच घर, तेच मित्र, तीच गल्ली. बदलते ती फक्त संभाव्य शिक्षा. कठोरतेचा वचक बसत असेल, तर त्या दिवसापासून गुन्हे धाडकन खाली यायला हवेत. डेव्हिड ली आणि जस्टिन मॅक्रेरी या अर्थशास्त्रज्ञांनी अटकेच्या नोंदी तपासल्या, तर घट निघाली जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास.

कारण समजण्याजोगं आहे. २०२३ मध्ये वीस वर्षांच्या असलेल्या पोराला २०४७ साली सुटका आणि २०६३ साली सुटका यांतला फरक त्या क्षणी जाणवतच नाही. दोन्ही वर्षं त्याच्या लेखी सारखीच लांब. त्याला दिसतं ते एवढंच: आज आपण सापडू का? इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की धाक शिक्षेच्या क्रौर्याचा नसतो, ती अटळ असण्याचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१४ च्या अहवालाचा कौलही त्याच बाजूचा आहे.

संहितेच्या विरोधकांचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे: तुरुंगात असलेला माणूस बाहेर गुन्हा करू शकत नाही. पण हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण साधारण विशीच्या आगेमागे शिखर गाठतं आणि वयाबरोबर उतरत जातं. २४ वर्षांनी तो पोरगा ४४ चा झालेला असेल. त्यापुढच्या १६ वर्षांत समाजाला मिळणारं संरक्षण फार थोडं. शिवाय डी.सी.मध्ये गाडी पळवण्याच्या गुन्ह्यात पकडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण १८ वर्षांखालचे होते. त्यांतल्या बहुतेकांचे खटले बाल न्यायालयात चालतात, तिथे ४० काय किंवा २४ काय, दोन्ही आकडे लागूच होत नाहीत.

आणि सापडण्याची, शिक्षा होण्याची खात्री? एप्रिल २०२१ मध्ये शहराच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेची मान्यता स्थगित झाली, आणि पुढे ती काढूनच घेतली गेली. बोटांचे ठसे, काडतुसं, डीएनए यांच्या तपासणीसाठी बाहेर धावाधाव सुरू झाली. काही विभागांपुरती मान्यता परत मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या काळात, २०२२ च्या आर्थिक वर्षात, अटक झालेल्या ६७ टक्के प्रकरणांत सरकारी वकिलांनी खटलाच भरला नाही. प्रौढांच्या गंभीर गुन्ह्यांचे हे वकील शहराचे नसून केंद्र सरकारचे आहेत, हेही ध्यानात घ्यायला हवं.

महाराष्ट्राच्या शक्ती विधेयकाची इथे आठवण होते. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा नेणारं ते विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवलं आणि ते कधी लागू झालं नाही. दिशा उलटी, पण चर्चा तिथेही शिक्षेच्या आकाराचीच झाली. न्यायवैद्यक अहवाल किती दिवसांत येतो, यावर कुणी तितका घसा कोरडा केला नाही.

डी.सी.मध्ये २०२२ साली गाडी पळवण्याचे सुमारे ४८५ गुन्हे नोंदले गेले. २०२३ मध्ये ते ९५० च्या पुढे गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ५०० च्या आसपास उतरले. या काळात इतर बरंच काही बदललं, त्यामुळे चढउताराचं कारण एकाच गोष्टीत शोधता येत नाही. कमाल शिक्षा मात्र तिन्ही वर्षं ४० वर्षांचीच होती.