वॉर्डातील मूल्यमापन, मोबाइलद्वारे

वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांचे विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णसेवेत शिकत असताना त्यांचे काम जागच्या जागी पारखून त्याची नोंद मोबाइलवर किंवा टॅबवर ठेवण्याची पद्धत. विद्यार्थ्याला काय येते ते पेपरात कळते; खाटेजवळ तो काय करतो, हे तिथे उभे राहूनच पाहावे लागते. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेल्या, क्षमतेच्या पायऱ्या दाखवणाऱ्या पिरॅमिडमध्ये हे प्रत्यक्ष करणे सर्वांत वर आहे.

इंग्लंडमध्ये २००५ ते २०१० या काळात लीड्ससह पाच विद्यापीठांनी ‘आल्प्स’ (असेसमेंट अँड लर्निंग इन प्रॅक्टिस सेटिंग्ज) प्रकल्पात १६ व्यवसायशाखांसाठी सामाईक मूल्यमापन साधने तयार केली आणि ती मोबाइल उपकरणांवर उतरवली. शिक्षकांबरोबर सहाध्यायी आणि रुग्ण यांचेही मत त्यांत घेतले जाई.

भारतात २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित, म्हणजे प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा अभ्यासक्रम आला आणि लॉगबुकला, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कामांच्या नोंदवहीला, महत्त्व आले. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांत विदर्भासह मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. शिकायला केसेसची वानवा नाही, अपुरा पडतो तो शिक्षकाचा वेळ. पोस्टिंग (एखाद्या विभागातील प्रशिक्षणाचा काळ) संपताना लॉगबुकवर एकगठ्ठा सह्या घेण्याची सवय अशा गर्दीतच लागते, आणि त्या सहीतून शिकणाऱ्याला काहीच मिळत नाही. मोबाइलचा खरा उपयोग इथे आहे. इंटर्नने सलाइनसाठी शीर शोधली, सुई लावली, पण टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून हाताला बांधलेला पट्टा) सोडायला उशीर केला, तर ते तिथल्या तिथे सांगून दोन ओळींत टिपता येते; नोंदीवर तारीख-वेळ आपोआप पडते. ‘मिनी-सीईएक्स’ या प्रकारात एका रुग्णाची तपासणी साधारण १५-२० मिनिटे पाहून नऊ गुणांच्या श्रेणीवर मत देतात. आकडा कमी-जास्त झाला तरी चालेल, शेरा मात्र हवाच. ‘गुड’ एवढाच शेरा म्हणजे जुनीच सही.

रुग्णाचे मत घेणे नागपुरात अधिक मोलाचे, कारण रुग्ण वऱ्हाडी, हिंदी, कधी गोंडी बोलतो आणि ‘डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं का?’ याचे उत्तर त्याच्याच भाषेत विचारावे लागते.

सावनेर-काटोलकडच्या ग्रामीण पोस्टिंगसाठी ॲप नेटवर्कशिवाय चालणारे आणि रेंज येताच नोंद पाठवणारे असावे. नोंदीत रुग्णाचे नाव, फोटो किंवा केसपेपरचा क्रमांक नको. फोन हातात घेण्यापूर्वी तो कशासाठी, हे रुग्णाला आणि नातेवाइकाला सांगावे. नाहीतर डॉक्टर मोबाइल पाहत बसलेत, असाच त्यांचा समज होतो.