नॉरफोक ब्रॉड्स

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोक परगण्यात (थोडी शेजारच्या सफकमध्येपण) उथळ तळी आहेत, ती आणि त्यांच्या आजूबाजूने वाहणाऱ्या नद्या मिळून ब्रॉड्स. ब्यूर, यार, वेव्हनी, अँट, थर्न ह्या मुख्य नद्या, बोटीने फिरता येतं असं पाणी साधारण २०० किलोमीटर, सगळ्यात मोठं तळं हिकलिंग.

ही तळी निसर्गाने केली की माणसाने, हा वाद बरीच वर्षं चालला. जुनं मत असं की इथे खाडी होती, ती गाळाने भरत गेली आणि मधेमधे पाणी उरलं. भूरूपशास्त्रज्ञ जेनिंग्जसुद्धा आधी नैसर्गिक उगमच मानायचे. पण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉइस लॅम्बर्ट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी हातगिरमिटाने थोड्याथोड्या अंतरावर भोकं पाडून खालची माती काढून बघितली, तर काठ उतरते नाहीतच, भिंतीसारखे सरळ खाली जातात, तळ सपाट आणि मधे पीटचे न खणलेले अरुंद बांध तसेच उभे. म्हणजे ह्या पीटच्या खाणी. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून दबलेल्या झाडाझुडपांचा थर, विटांसारखा कापायचा, वाळवायचा आणि चुलीत घालायचा. भागात जंगल कमी, वस्ती दाट, नॉर्विचच्या कॅथीड्रलच्या मठात वर्षाला सुमारे ४ लाख विटा जळायच्या म्हणतात. नंतर जेनिंग्जही हेच मानायला लागले, आणि आता हेच मत धरावं.

खणणं मुख्यतः १२व्या-१३व्या शतकातलं असावं. पाणी कधी भरलं ह्याबद्दल १२८७च्या वादळी भरतीचं नाव नेहमी येतं, पण एका रात्रीत तळी झाली असं समजू नये, समुद्र हळूहळू वर येत गेला आणि खाणी सोडाव्या लागल्या हे जास्त पटतं.

फिरायला लोक बहुतेक रॉक्समहून बोट घेतात. पॉटर हाइगमच्या जुन्या दगडी पुलाची कमान इतकी बुटकी की भाड्याची केबिनवाली बोट खालून न्यायची तर पायलट घ्यावा लागतो. रॅनवर्थच्या चर्चच्या ८९ पायऱ्या आणि वरच्या शिड्या नक्की चढाव्यात, वरून तळी, नद्या, बोरूची बेटं सगळं एकदम दिसतं आणि लॅम्बर्टबाईंचं म्हणणं डोळ्यांसमोर उभं राहतं. जूनमध्ये स्वॅलोटेल फुलपाखरू, ब्रिटनमध्ये फक्त इथलंच. हिवाळ्यात हॉर्सीच्या किनाऱ्यावर ग्रे सील पिल्लं घालतात, ती लांबूनच बघावीत, कारण आई बिचकून समुद्रात गेली की पिल्लू उपाशी राहतं.